शिंजिराचं निरीक्षण कसं करावं: कुठेही न जाता

दुर्बीण गळ्यात अडकवून शिंजिराच्या मागे धावण्यात काही हशील नाही. फुलांतला मध पिणारा जेमतेम दहा सेंटिमीटरचा हा पक्षी एका फांदीवर मिनिटभर टिकला तरी नशीब. त्यापेक्षा एक फुललेलं झाड धरा आणि तिथेच बसा. मध असेपर्यंत तो दिवसभरात पुन्हा पुन्हा तिथे येतोच.

झाड फार शोधावं लागत नाही. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत जास्वंद, हमेलिया (नारिंगी-लाल नळीसारख्या फुलांचं झुडूप), शेवगा किंवा केळ असतेच. उन्हाळ्याच्या तोंडावर पांगारा फुललेला असेल तर उत्तमच. सकाळी ऊन चढायच्या आत बसा आणि सूर्य पाठीशी ठेवा. नराची झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडला की दिसते; उन्हाकडे तोंड करून पाहिलंत तर नुसता काळा ठिपका दिसेल.

आता ओळख. शहरात मुख्यतः दोनच जाती भेटतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात सबंध काळा-जांभळा असतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नराचं पोट मात्र पिवळं आणि छातीवर तपकिरी पट्टा. माद्या ओळखताना गळा बघा: पांढुरका गळा आणि पिवळी छाती असेल तर ती जांभळ्या पाठीच्या शिंजिराची. पिवळ्या पोटावर मधोमध गडद रेघ दिसली तर तो बहुधा विणीचा हंगाम सरल्यावर साधी पिसं ल्यालेला जांभळा नर असतो. इथे भलेभले फसतात.

खरी गंमत फुलापाशी आहे. शिंजीर शक्यतो फांदीला किंवा देठाला धरून, प्रसंगी उलटं लटकून मध पितो. हवेत तरंगणं थोडा वेळच. चोच फुलात कुठून शिरते ते पाहा. जास्वंदीवर तो पुष्कळदा पुढून येतच नाही. देठाजवळ बसतो आणि फुलाच्या बुडाला बाहेरून भोक पाडून मध ओढतो. ही उघड चोरी आहे, कारण परागांना त्याचा स्पर्शही होत नाही. तो गेल्यावर फूल न तोडता मागून बघा, हिरव्या निदलपुंजाच्या (फुलाच्या बुडाशी असलेल्या वाटीच्या) जवळ बारीक चीर सापडते. हेच पांगाऱ्यावर, शेवग्यावर काय होतं ते ताडून पाहा आणि वहीत लिहा: झाड, वेळ, नर की मादी, पुढून की बुडाशी, कोणी कोणाला हाकललं. फोटोंपेक्षा ही वही जास्त कामाची.

मादी फुलं सोडून भिंतीच्या कोपऱ्यातली कोळिष्टकं ओढू लागली, की समजा घरटं चाललंय. कपड्यांच्या दोरीला किंवा लोंबत्या वायरलाही ते बांधलं जातं: कोळ्याच्या जाळ्याने जोडलेल्या काटक्या-सालींची लांबट पिशवी, बाजूला दार, दारावर छोटी पडवी. बांधणं आणि साधारण दोन आठवडे अंडी उबवणं मादीकडेच. पिल्लं भरवायला नरही येतो. चोचीत काय आहे ते इथे दुर्बिणीतून टिपा: कोळी, अळ्या, बारके किडे. म्हणूनच बागेत कीटकनाशक फवारून शिंजिराची वाट पाहण्यात अर्थ नाही. घरट्याजवळ फ्लॅश नको, फांदी छाटणं नको, पाहुण्यांना दाखवायला नेणं तर नकोच.

साखरपाण्याच्या बाटल्या टांगू नका. रोज धुतल्या नाहीत तर त्यांत बुरशी धरते. तेवढ्याच जागेत हमेलियाची कुंडी बसते. उन्हाळ्यात झाडांच्या पानांवर पाणी मारा, ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करणारा शिंजीर दिसू शकेल.

गाडीच्या आरशावर कोणी टकटक करत असेल तर तो विणीच्या रंगात आलेला नर, स्वतःच्याच प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून भांडतोय. थोडा वेळ पाहा, नोंद करा आणि आरशाला जुना मोजा चढवा.