महापुरात घर सोडताना या चुका टाळा

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर दर पावसाळ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "२००५ ला पायरीपर्यंतच आलं होतं, यंदाही तेवढंच येईल." सर्वांत घातक चूक हीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा सुमारे ५७ फुटांवर गेली, म्हणजे २००५ पेक्षा तीन फुटांहून वर. जुनी खूण धरून ज्यांनी धान्याची पोती कट्ट्यावर रचली, त्यांची पोती भिजली. भिंतीवरची खूण मागच्या पुराची असते, पुढचा पूर तिला बांधील नसतो.

बघायचे ते आकडे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. तुमच्या गल्लीत पाणी यायला लागतं तेव्हा पुलाजवळ किती फूट असतं, हे जुन्याजाणत्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. शिवाय आपल्याकडे पाऊस उघडला म्हणून पाणी उतरत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढला की ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, आणि नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी तुंबतं. वर ऊन पडलेलं असतानाही घरात पाणी चढतं ते यामुळेच.

"बघू, रात्री ठरवू" ही दुसरी चूक. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसं बसली होती. बोटीची वेळ येण्याआधी, रस्ता कोरडा असताना आणि उजेडात निघा. घरात म्हातारी माणसं, बाळंतीण किंवा डायलिसिसचा पेशंट असेल तर इशारा पातळीलाच निघा. जनावरं आधी हलवा. ते जमलंच नाही तर निदान दावं सोडा. बांधलेल्या जनावराला पोहताही येत नाही.

निघताना मेन स्विच बंद करतात, इन्व्हर्टर मात्र विसरतात. गावाची लाईट गेली तरी तो घरात करंट देत राहतो, आणि बॅटरी बहुतेकदा जमिनीलगतच असते. तो बंद करून बॅटरी वर चढवा. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, नाहीतर तो तरंगत जातो. आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँक पासबुक आणि औषधाची चिठ्ठी दोन प्लास्टिक पिशव्यांत गाठ मारून अंगाबरोबर ठेवा, कपाटात नको. बीपी-शुगरच्या गोळ्या किमान आठवडाभराच्या घ्या. थोडी रोकड सुट्टी असू द्या. लाईट नसली की एटीएमही बंद.

पाणी ओसरल्यावर माणसं सुटलो म्हणतात आणि तिथेच फसतात. घाईने बटण दाबू नका, वायरमनकडून वायरिंग तपासून घ्या. गाळ काढण्याआधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा. पंचनाम्याला उपयोगी पडतात. गाळात हात घालण्याआधी काठीने चाचपा. अंथरुणाच्या घड्या, चुलीमागचा कोपरा, लाकडांचा ढीग इथे साप बसलेला असतो. चावलाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तो अवयव न हलवता १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

तुरटी फिरवल्याने पाणी नितळ दिसतं, जंतू मरत नाहीत. उकळा, किंवा आशाताईंकडून मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) घेऊन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. पायाला जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरू नका, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात वावरल्याचं आवर्जून सांगा; लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका त्यांना लगेच येईल.