गळ्यावरच्या टिकल्या आता सुटत नाहीत

विकत आणलेल्या कुर्त्याच्या गळ्याला टिकल्यांची ओळ होती. धागा कुठेतरी अडकला आणि बघता बघता अख्खी ओळ उसवली. उलटून पाहिलं तर साखळी टाका! त्याचं शेवटचं टोक सुटलं की ओढल्यासरशी तो उकलत जातो. म्हणून आता मी साधा कुर्ता आणते आणि गळा टिकल्या-मण्यांनी हाताने भरते.

आधी कापड धुऊन घेते, कारण सुती कापड नंतर आटलं की टाक्यांपाशी चुण्या पडतात. मलमल असेल तर मागून सुती पट्टी हवीच, नाहीतर मण्यांच्या वजनाने गळा लोंबतो. धागा पॉलिएस्टरचा, दुहेरी, मेणावरून फिरवलेला. प्रत्येक टिकली उलट्या टिपेने, म्हणजे दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन पुढे काढत, बसवायची आणि दर चार-पाच टिकल्यांनी मागे गाठ मारायची. धागा तुटला तरी तेवढ्याच जातात.

काचेच्या नळ्या, म्हणजे नळीसारखे लांबट मणी, मात्र भारी त्रासदायक. त्यांची धारदार कड धागा कापते. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक मणी ओवला की धागा कडेवर घासत नाही. इस्त्री उलट्या बाजूने, कोमटच. प्लास्टिकच्या टिकल्या उष्णतेने आक्रसतात.