‘जोडणे’ कसे वापरावे: सीमाभागातील लिहिणाऱ्यांसाठी

‘जोडणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. जोडणारा, जोडायची वस्तू आणि ती जिला जोडायची ती दुसरी वस्तू, हे तिन्ही वाक्यात उघड किंवा गृहीत असतात. दाखला अर्जाला जोडतात, म्हणून अर्जाला ‘ला’ लागतो. संबंध दाखवायचा असेल तर ‘शी’ वापरावा: ‘आधार क्रमांक बँक खात्याशी जोडला’. दोन्ही बाजू समान असतील तर ‘चोर्ला घाटाचा रस्ता बेळगाव आणि गोवा यांना जोडतो’ असे लिहावे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे खरी अडचण येते ती भूतकाळात. बोलताना आपण सर्रास ‘मी काम केलो’ म्हणतो, कारण कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते आणि तेच वळण आपल्या बोलीत उतरले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. बाजारात तीच बोली गोड लागते. अर्जात मात्र ‘मी पावती जोडलो’ असे न लिहिता क्रियापद जोडलेल्या वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे चालवावे: मी उतारा जोडला, पावती जोडली, प्रमाणपत्र जोडले, पावत्या जोडल्या. लिहिणारा पुरुष की स्त्री, याने येथे फरक पडत नाही. कर्मालाच ‘ला’ किंवा ‘ना’ लागला, तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात राहते: ‘नव्या पुलाने दोन्ही गावांना जोडले’.

कन्नड मजकुराचे मराठी करताना ‘सेरिसु’ (जोडणे, घालणे, दाखल करणे) दिसले की लगेच ‘जोडणे’ लिहू नये. आपण मुलाला शाळेत घालतो, यादीत नाव घालतो, आमटीत मीठही घालतो. कन्नडमधले ‘जोडिसु’ ऐकायला आपलेच वाटते, पण कपाटात पुस्तके ‘जोडिसु’ म्हणजे मराठीत पुस्तके लावणे किंवा रचणे.

करणारा सांगायचा नसेल तेथे ‘जुळणे’ येते: लग्न जुळते, पत्रिका जुळते, सूर जुळतो, मध्यस्थ मात्र लग्न ‘जुळवतो’. मोडलेले हाड सांधते आणि बैल औताला जुंपतात. ‘माणसे जोडणे’, ‘पुण्य जोडणे’ यांत मिळवणे, राखून ठेवणे हा जुना अर्थ अजून जिवंत आहे आणि तो निःसंकोच वापरावा.

फलकांवरचे ‘आमच्याशी जुडा’ हे हिंदीचे वळण आहे. मंडळात बोलवायचे असेल तर ‘सभासद व्हा’ किंवा ‘सामील व्हा’ असे लिहावे.