हृदयाचा (कोरोनरी) फिस्टुला बंद करायला जाताय? बॅग भरायच्या आधी हे बघा

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करा, अक्षरशः पाठ: कोरोनरी फिस्टुला कुठल्या आर्टरीतून (रक्तवाहिनीतून) निघतो, कुठे जाऊन उघडतो आणि केवढा आहे. माझ्या भावाच्या वेळी आम्ही सुरुवातीचे दोन महिने सगळ्यांना 'हार्टला भोक आहे' असंच सांगत फिरलो आणि ते भोक नव्हतंच. कोरोनरी फिस्टुला म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी नळी, म्हणजे कोरोनरी आर्टरी, बारीक केशवाहिन्यांपर्यंत पोचायच्या आधीच मधेच थेट हृदयाच्या कप्प्यात नाहीतर दुसऱ्या रक्तवाहिनीत जाऊन उघडते, म्हणजे रक्त शॉर्टकट मारतं, आणि बहुतेकांचं ते उजव्या बाजूला जातं, उजव्या कप्प्यांत किंवा फुप्फुसाकडे जाणाऱ्या पल्मनरी आर्टरीत. बहुतेक वेळा हे जन्मापासूनच असतं. वाटेतलं रक्त असं पळालं की पुढच्या स्नायूला कमी पडतं, म्हणून चढ चढताना छाती दाटते, धाप लागते, पण कित्येकांना काहीच होत नाही आणि स्टेथोस्कोपमधे सलग घरघर ऐकू आली म्हणूनच कळतं. तान्ह्या बाळाचं असेल तर दूध पिताना घाम येतो का, दमून मधेच सोडतं का, हे तारखेसकट लिहून ठेवा, डॉक्टर हमखास विचारतात आणि आपल्याला नेमकं तेव्हाच आठवत नाही.

मग फाइल. इसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, पण माझं ठाम मत, कागदावर विसंबू नका, चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या आणि तो घरीच उघडून बघा. आमची सीडी आयत्या वेळी उघडलीच नाही, समोर डॉक्टर बसलेले, कम्प्युटरवर नुसतं गोल गोल फिरतंय आणि भाऊ माझ्याकडे बघतोय. इकोत कधी कधी नुसती फुगलेली आर्टरी दिसते, ती पुढे वळणं घेत कुठे जाते ते सीटी अँजिओत (शिरेतून डाय म्हणजे औषध सोडून काढलेल्या रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमधे) नीट कळतं, म्हणून ती चित्रंच कामाची.

सीटीच्या आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, कारण ठोके ६० च्या आसपास असले की फोटो हलत नाही. ठोके कमी करायला गोळी देतात, म्हणून दमा असेल तर आधी सांगा. जिभेखाली स्प्रे मारतात, त्यामुळे पुरुषांनी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर लाजायचं नाही, सरळ सांगायचं, दोन्ही मिळून बीपी धाडकन पडतं. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, शुगरची मेटफॉर्मिन चालू आहे का, आधी कधी डायची ॲलर्जी आली होती का, दिवस गेल्याची शक्यता आहे का, हे पण. डाय गेला की अंगातून गरम लाट जाते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं, झालेली नसते, भाऊ मात्र घाबरून हलला आणि परत करावं लागलं, तर हे आधी माहीत असू द्या.

आता डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहा. पहिला, बंद करायलाच हवा का? छोटा असेल, त्रास नसेल, तर नुसतं लक्ष ठेवतात. करायचा तर कॅथेटरने (रक्तवाहिनीतून आत सरकवलेल्या बारीक नळीने) कॉइल किंवा प्लग, म्हणजे वाट बुजवणारी तारेची गुंडाळी किंवा बूच, बसवून की ऑपरेशन करून, आणि का? वाट फार वेडीवाकडी, फार मोठी किंवा तोंडं बरीच असतील तर ऑपरेशन बरं पडतं. कॅथेटरने करताना कधी कधी आधी फुगा फुगवून वाट थोडा वेळ अडवून इसीजी बदलतो का ते बघतात, कारण त्याच आर्टरीतून स्नायूला जाणारी फांदी निघत असेल आणि तीच बंद झाली तर अटॅक यायचा. निकेलची ॲलर्जी असेल तर सांगा, बऱ्याच प्लगमधे निकेल असतं.

प्रोसिजरच्या दिवशी उपाशी किती तास राहायचं ते लेखी घ्या, बाळाला आईच्या दुधाची वेळ वेगळी असते, आपल्या अंदाजाने ठरवू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, विचारूनच. दागिने, नेलपॉलिश घरीच काढा. जांघेतून केलं तर नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, म्हणून लांब वायरचा चार्जर आणि वाकडा स्ट्रॉ न्या, हसू नका, झोपून पाणी प्यायला त्याच्याइतकं उपयोगी काही नाही.

घरी येताना डिव्हाइसचं (बसवलेल्या कॉइल किंवा प्लगचं) कार्ड घ्या, एमआरआयच्या वेळी लागतं. फुगलेली आर्टरी एका दिवसात आकसत नाही, आत रक्त संथ होऊन गुठळी होऊ शकते, म्हणून ॲस्पिरिन किंवा आणखी काही किती महिने ते लिहून घ्या. डिव्हाइस बसवल्यावर पहिले ६ महिने दाताचं काम करायचं झालं तर आधी अँटिबायोटिक लागतं, हे डेंटिस्टला आपणच सांगायचं. आणि नवीन सीडी तिथल्या तिथे, निघायच्या आधी उघडून बघायची.