संगणकावर इंग्रजी शिकवताय? या चुका टाळा

मराठी माध्यमाची नववी, सात चालू संगणक आणि चाळीस मुलं. माउस ज्याच्या हाती पडतो तो तास संपेपर्यंत सोडत नाही, आणि बहुतेक वेळा इंग्रजीही त्यालाच बरं येत असतं. बाकीचे मागे उभे राहून गप्पा मारतात. मीही बरेच दिवस नुसतं "पाळीपाळीने घ्या रे" म्हणत राहिलो. मग नियम बदलला: माउसवाल्याने तोंड उघडायचं नाही, इतरांनी त्याला इंग्रजीतूनच सांगायचं. एकाच्या हातात चित्र द्यायचं. माउसवाल्याने ते न बघता, नुसतं ऐकून पेंटमध्ये काढायचं. 'अंडर' आणि 'ऑन'मधला फरक मी फळ्यावर तीनदा समजावला होता. पडद्यावर म्हैस झाडावर चढली तेव्हा तो सगळ्यांना कळला.

दुसरी चूक स्पेलचेकवर विसंबण्याची. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' टाइप झालं तर लाल रेघ येत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. उलट भाषा अमेरिकन इंग्रजीवर राहिली असेल, तर 'कलर'चं पाठ्यपुस्तकातलं, 'यू' असलेलं स्पेलिंगच चुकीचं दाखवतं, आणि बिचारं पोर बरोबर लिहिलेलं खोडतं. वर्ग सुरू होण्याआधी सेटिंगमध्ये भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजी निवडून ठेवा.

गूगल ट्रान्सलेटवर बंदी घालू नका, मुलं घरी मोबाइलवर वापरतातच. ज्याला 'ही गोज' जमत नाही त्याच्या निबंधात 'नेव्हरदलेस' दिसलं की ओळखायचं. त्याला रागावण्यापेक्षा तेच वाक्य स्वतःच्या साध्या इंग्रजीत तोंडी सांगायला लावा.

व्हिडिओ वीस मिनिटांचा लावला की वर्ग झोपतो. दीड-दोन मिनिटांचा तुकडा पुरे. आधी सबटायटलशिवाय, मग इंग्रजी सबटायटलसह. मराठी सबटायटल असतील तर मुलं वाचतात, ऐकत नाहीत. नेटचा भरवसा नसेल तर व्हिडिओ आधीच पेनड्राइव्हवर घ्या. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये डावा चौकोनी कंस दाबला की वेग थोडा कमी होतो.

बोलून टाइप करण्याची सोय मात्र परीक्षक म्हणून वापरू नये. 'वेट' आणि 'व्हेट' आपण एकाच 'व'ने म्हणतो, शिवाय मागे पंखा घरघरत असतो. यंत्राने भलताच शब्द छापला की लाजरी मुलगी पुन्हा माइकजवळ येत नाही. तिला आवाज रेकॉर्ड करून स्वतःच ऐकू द्या, हवं तर दहा वेळा.