विवाह संकेतस्थळावर स्थळं जुळत नाहीत? या चुका टाळा

नाव नोंदवलं, पैसे भरले, सहा महिने झाले आणि पुढे काहीच हललं नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मग दोष मुलाच्या पगाराला, मुलीच्या उंचीला नाहीतर नशिबाला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा अडचण फॉर्ममध्ये असते आणि एका संध्याकाळी बसून ती दूर करता येते.

अपेक्षांची चाळणी फार बारीक

जोडीदाराबद्दलच्या अपेक्षा भरताना पोटजात, उंची, शहर, शिक्षण, उत्पन्न, मंगळ असं सगळंच 'आवश्यक' म्हणून निवडलं जातं. संकेतस्थळ या अटी एकत्र लावतं, म्हणजे सगळ्यांत बसेल तेच स्थळ दिसतं. एका अटीला निम्मी स्थळं गळतात असं धरलं, तर 1000 स्थळांपैकी पाच अटींनंतर 31 उरतात. त्या 31 जणांच्याही अपेक्षा असतात आणि त्यांत तुम्ही बसायला हवं. म्हणून ज्यावर खरोखर नकार द्याल अशा दोन किंवा तीनच अटी पक्क्या ठेवा, बाकीच्या 'चालेल' मध्ये टाका. शहराच्या रकान्यात फक्त 'पुणे' लिहिलं की पिंपरी-चिंचवडचं स्थळ वगळलं जाऊ शकतं, तेवढं पाहा.

'साधा, सरळ, निर्व्यसनी, कुटुंबवत्सल'

हे चार शब्द इतक्या ठिकाणी असतात की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'नाशिकला आई-वडिलांसोबत राहतो. कामाची वेळ दुपारी 2 ते 11. पुढची तीन वर्षं नाशिक सोडायचा विचार नाही. बायकोनं नोकरी करावी असं मनापासून वाटतं. रविवारी गडावर जातो.' यातल्या प्रत्येक वाक्यावर समोरच्याला होकार किंवा नकार ठरवता येतो. नकार लवकर आला तर दोघांचाही वेळ वाचतो.

फोटो तीन-चार पुरेत: एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उंचीचा, एक रोजच्या कपड्यांतला. लग्नातला घोळक्याचा फोटो नको, चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टरही नको, कारण बघायच्या कार्यक्रमात पहिल्याच मिनिटाला विश्वास उडतो. फोटोच्या मागे घराची पाटी किंवा गाडीचा नंबर दिसत असेल तर तो भाग कापून टाका.

जन्मवेळेची चूक

ज्या घरांत पत्रिका पाहतात, त्यांची कितीतरी स्थळं इथे नाहक जातात. संकेतस्थळ गुण काढतं ते चंद्राच्या नक्षत्रावरून आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, एका चरणात, म्हणजे नक्षत्राच्या चौथ्या भागात, सुमारे सहा तास. 'एएम' ऐवजी 'पीएम' निवडलं की बारा तासांचा फरक, म्हणजे दोन चरण. तेवढ्यात भरणीची कृत्तिका होऊ शकते. नाडी म्हणजे नक्षत्रावरून ठरणारा गट: भरणीची नाडी मध्य, कृत्तिकेची अंत्य. नाडीचे 36 पैकी 8 गुण असतात आणि दोघांची नाडी एकच निघाली तर ते मिळत नाहीत, त्यामुळे तेवढ्या एका चुकीनं 20 गुणांचं स्थळ 12 वर येऊ शकतं आणि 18 गुणांच्या खालची स्थळं बघायचीच नाहीत असं ठरवलेल्या घरात ते उघडलंही जात नाही.

रात्री बारानंतरचा जन्म असेल तर आणखी एक घोटाळा होतो. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. जुन्या पत्रिकेत 'सोमवारी रात्री दीड' असं लिहिलेलं असेल, तर फॉर्ममध्ये मंगळवारची तारीख जायला हवी. जन्मदाखल्यावरची तारीख आणि वेळ पत्रिकेशी ताडून मगच भरा. परदेशात जन्म झाला असेल तर जन्मगाव तिथलंच निवडा, नाहीतर वेळ भारतीय धरली जाते.

प्रोफाइल एकाचं, फोन दुसऱ्याचा

बाबा प्रोफाइल चालवतात, मुलाला पत्ता नसतो. बाबांनी होकार कळवलेला असतो आणि मुलगी फोन करते तेव्हा मुलगा 'कोण बोलतंय?' विचारतो. नोंदणी करतानाच ठरवा: आलेली स्थळं कोण बघणार, उत्तर कोण देणार, कोणत्या दिवशी देणार. आठवड्यातून दोनदा एकत्र बसलात तरी भागतं. आणि नकार असेल तर तो कळवा. 'कळवतो' म्हणून महिनाभर गप्प राहिलं की पलीकडचं घर तेवढा काळ अडकून पडतं.

खातरजमा लाजून टाळणं

पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारी रक्कम, बहुधा धरलेलं असतं, तेव्हा दरमहा खात्यात किती जमा होतात ते विचारा. शेती सांगितली असेल तर गट नंबर घेऊन महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा बघता येतो. 'घटस्फोटित' आणि 'घटस्फोट प्रलंबित' हे दोन वेगळे पर्याय आहेत. कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत मागा आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून प्रकरणाची स्थिती पाहा. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत 90 दिवसांची आहे. वादातून किंवा एकतर्फी निकाल लागला असेल तर ती संपल्याशिवाय मुहूर्त धरू नका.

पैशाचा विषय निघाला की

फसवणुकीचा ठरलेला साचा असा: परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनिअर, आठवडाभरात लग्नाची भाषा, व्हिडिओ कॉलला टाळाटाळ. मग 'भेट पाठवलीय', आणि दिल्ली विमानतळावरून कस्टमच्या नावानं फोन. कस्टम खातं कोणाच्याही खासगी खात्यात शुल्क भरून घेत नाही. हल्ली भेटवस्तूऐवजी क्रिप्टोत गुंतवणूक करायला सांगतात, सुरुवातीला थोडा नफा काढूही देतात. फोटो गूगल लेन्सवर शोधा, संकेतस्थळाबाहेर बोलणं नेण्याची घाई दिसली तर थांबा, आणि पहिली भेट घरच्यांना सांगून गर्दीच्या ठिकाणी घ्या.

पैसे गेलेच तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. आपल्या बँकेलाही लगेच कळवा. लाज वाटली म्हणून चॅट पुसू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी त्याचा प्रोफाइल क्रमांक, फोन नंबर आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा व्यवहार ओळखण्याचा क्रमांक) यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार नोंदवताना हीच माहिती लागते.