स्वयंअर्थसहाय्यित शाळा चालवताना या चुका टाळा: निर्णय संस्थेचा, सही मुख्याध्यापकांची

विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित शाळेत काही बिनसलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, 'हे ठरवलं कुणी?' ठरवलेलं असतं अध्यक्षांनी, बहुधा फोनवर. कागदावर सही मुख्याध्यापकांची. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर अशा शाळा राज्यात भराभर निघाल्या. इमारती झाल्या, बस आल्या, बोर्ड लागले. पण कोणता निर्णय कुणाचा, हे लिहून ठेवलेल्या संस्था मला फार थोड्या भेटल्या. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच सापडतं.

फी मार्चमध्ये जाहीर करणं

मार्चअखेर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन फीचा तक्ता पडतो आणि तासाभरात ग्रुप पेटतो. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पुढचं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जायला हवा. जूनला शाळा भरणार असेल तर डिसेंबर उजाडण्याआधीच ताळेबंद, पगारखर्च, इमारतीचा खर्च टेबलावर हवा. एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही.

दुसरी खोड समितीतली. पालक प्रतिनिधी सोडत काढून निवडायचे असतात. प्रत्यक्षात 'आपल्यातले' चार पालक बोलावून सह्या घेतल्या जातात. हे वर्षभर खपतं. मग कुणीतरी माहिती मागतो आणि सोडतीचं इतिवृत्तच नसतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीसाठी २५ टक्के पालक लागतात म्हणून काही संस्थाचालक निर्धास्त आहेत. ज्या ग्रुपवर फीचा तक्ता पडतो त्याच ग्रुपवर २५ टक्के सह्या गोळा व्हायला दोन दिवस पुरतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

चूक होऊन गेली असेल तर? वाढीव फीची वसुली थांबवा, आधीची मान्य फी घ्या आणि पुढच्या वर्षाचा प्रस्ताव वेळेत मांडा. एक वर्ष तंगीत जाईल, पण फीच्या तक्रारी ऐकणाऱ्या विभागीय समितीपुढे उभं राहण्यापेक्षा ते परवडतं.

आरटीईच्या प्रतिपूर्तीवर अंदाजपत्रक बांधणं

आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली मोफत द्यायच्या २५ टक्के जागांची प्रतिपूर्ती, म्हणजे त्या मुलांच्या फीपोटी मिळणारी रक्कम, शासनाकडे वर्षानुवर्षं थकते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ती रक्कम चालू वर्षाच्या जमेत धरली जाते आणि फेब्रुवारीत पगार लांबतात. ती येणी म्हणून दाखवा, पगाराचा हिशेब तिच्याशिवाय करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना सवलत देणारा नियम आला, तेव्हा काहींनी या जागा संपल्याच असं गृहीत धरलं. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. धोरण ताजं असताना त्यावर वर्षाची आखणी करू नये.

शिक्षकांना अकरा महिन्यांचे आदेश

जून ते एप्रिल नेमणूक, मेमध्ये खंड, पुन्हा जून. पगार वाचतो असं वाटतं. पण खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्यात कायम रिक्त पदावर दोन वर्षांची परिवीक्षा (कायम होण्याआधीचा पारखण्याचा काळ) आहे आणि नोकरीचे वाद ऐकणाऱ्या शाळा न्यायाधिकरणाचा दरवाजा शिक्षकाला उघडा आहे. राजीनाम्याचीही गंमत पाहा. ऑफिसने टाइप करून आणलेल्या कागदावर सही घेतली की काम झालं असं समजतात. नियमानुसार राजीनामा शिक्षकाने स्वतः तयार केलेला, दोन प्रतींत, सही-तारखेसह हवा आणि एक प्रत नोंदणीकृत टपालाने यायला हवी. ऑफिसनेच तयार केलेला राजीनामा न्यायाधिकरणात संस्थेचीच अडचण करतो.

बरं, शिक्षक टिकत नाहीत ही ओरड खरी आहे. पण वर्गशिक्षिका दरवर्षी बदलणाऱ्या शाळेतून पालकही निघतात, याचा हिशेब कुठल्या वहीत असतो?

मुलाच्या तक्रारीची 'आधी आपण चौकशी करू'

ही सर्वांत महागडी चूक, कारण इथे मोल मूल चुकवतं. शाळेच्या बसमध्ये किंवा स्वच्छतागृहात काही घडल्याचं मूल सांगतं. मुख्याध्यापक विश्वस्तांना फोन करतात, विश्वस्त म्हणतात, 'शाळेचं नाव जाईल, आधी बघू.' दोन-तीन दिवस जातात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातल्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात असं 'बघायला' जागा नाही. कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याबद्दलची माहिती दडवली तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल मात्र कारवाई होत नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात शाळेने पोलिसांना वेळेत कळवलं नाही, हा मुद्दा उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर सीसीटीव्हीचे आदेश निघाले, कॅमेरे बसले. पण चित्रण रोज पाहतं कोण, ही जबाबदारी किती शाळांत नावानिशी लिहिलेली आहे?

इथे उपाय एकच: विश्वस्त मंडळाच्या ठरावातच लिहा की अशी तक्रार आल्यास पोलिसांना कळवण्यासाठी मुख्याध्यापकांना कुणाचीही परवानगी लागणार नाही. ठराव असेल तर रात्री दहाला फोन करायची भीड राहत नाही. मुलाला तेच तेच पाच जणांसमोर सांगायला लावू नका. एकाने ऐकायचं, मुलाच्याच शब्दांत लिहायचं, बस.

किरकोळ वाटणाऱ्या, पण अंगाशी येणाऱ्या गोष्टी

मराठी विषय २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे. वेळापत्रकात दाखवून तो तास दुसऱ्याच विषयाला देऊ नका, दंड एक लाखापर्यंत आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा २०२४ चा आदेश आहे. बसच्या फेऱ्या त्यानुसार बसवा.

आणि दाखला. फी थकली म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला अडवला, तर आरटीई कायद्याच्या कलम ५ नुसार कारवाई मुख्याध्यापकांवर होते, अडवायला सांगणाऱ्यांवर नाही. थकबाकीची नोटीस पालकांना वेगळी पाठवा आणि दाखला मागितला त्या दिवशी देऊन टाका.